सुधाकररावांचं सॉफ्टवेअर ठरत नाही

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीच्या जेवणाला मी सासूबाईंच्या सख्ख्या भावाला बोलावलं नाही.

विसरलो असतो तर चाललं असतं. माणूस विसरतो, लोक चार दिवस बोलतात आणि सोडून देतात. मी विसरलो नव्हतो. त्यांचं नाव मी यादीत घातलं होतं, त्याला केशरी रंग दिला होता, आणि मग त्यांचं अख्खं गावच मिटवून टाकलं होतं. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझ्या साडूंबद्दल सांगायला हवं. माझ्या बहुतेक चुका त्यांच्यावर जळता जळता झालेल्या आहेत.

सुधाकरराव म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, शैलाताईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, जुळे सोलापुरात राहतात. त्यांना रस्त्यात सहज जरी विचारलं, "काय, बरं आहे ना?" तर ते म्हणतात, "बरं आहे. उघडू का?"

नवखा माणूस "उघडा की" म्हणतो आणि फसतो. मग 'बरं आहे'च्या पोटातून तब्येत निघते, तब्येतीच्या पोटातून गुडघे, गुडघ्यांच्या पोटातून डावा गुडघा, आणि डाव्याच्या पोटातून बार्शी रोडवरचा तो खड्डा, ज्यात त्यांची स्कूटर आडवी झाली. तिथून ते खड्ड्याच्याही पोटात शिरतात, कारण खड्डा जरी बांधकाम खात्याचा असला तरी त्यातलं पाणी पाटबंधाऱ्याचं असतं. जाणकार माणसं "राहू द्या मिटलेलं" म्हणतात आणि गाडीला किक मारतात.

त्यांचं म्हणणं असं की जगात सुटी गोष्ट नसतेच. प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी पोटात असते. आता अशा माणसाला एक सॉफ्टवेअर हवं आहे: मुद्द्याच्या पोटात मुद्दा, त्याच्या पोटात आणखी मुद्दा लिहिता यावा; नको तेव्हा मिटावा, हवा तेव्हा उघडावा. अशी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. सुधाकरराव गेली कित्येक वर्षं त्यातलं एक निवडत आहेत. त्यांनी बघायला सुरुवात केली तेव्हा शेजारच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. आता तिचा मुलगा शाळेत जातो. ह्यांचं स्थळ अजून पसंत नाही.

एकात मराठीची वेलांटी अक्षर सोडून शेजारच्या अक्षरावर बसायची. एक इंटरनेट गेलं की मुकं व्हायचं. एक सहाव्या पायरीच्या आत जाऊ देईना. "सहावी पायरी म्हणजे अजून आपण अंगणातच की हो," ते कळवळून म्हणाले.

परीक्षाही ठरलेली. हुरडा पार्टी. नवं सॉफ्टवेअर आलं की ते त्यात पहिली हुरडा पार्टी भरतात. हुरड्याच्या पोटात चटण्या, चटण्यांच्या पोटात शेंगाची, लसणाची, जवसाची. शेंगाचटणीच्या पोटात ती कोणाला चालत नाही त्यांची नावं. मग अख्ख्या चटण्या उचलून भाकरीच्या पोटात ठेवून बघायच्या. "आई हलवली की पोरं सगळी मागं आली पाहिजेत," हा त्यांचा निकष. एखादी जवसाची चटणी जरी मागं राहिली तरी स्थळ नापसंत.

तुम्ही म्हणाल, यात जळण्यासारखं काय आहे? सांगतो. माझा सात रस्त्याजवळ संगणकाचा क्लास आहे. या गावातल्या निम्म्या कारकुनांची बोटं मी वळणावर आणली. आणि घरात संगणकाचा मास्तर असताना हा माणूस मला कधी एका शब्दानं विचारत नाही! विचारतो कोणाला, तर कॅनडातल्या आपल्या लेकीला, मुक्ताला. वर सासुरवाडीत सगळे त्यांच्याभोवती गोळा. सासरे, म्हणजे आमचे नाना, कानाला हात लावून ऐकतात. ह्यांचं 'उघडू का' सुरू झालं की सासूबाई गॅस बारीक करून बाहेर येतात. मी बोलायला लागलो की मोठा करायला आत जातात.

तर पंचाहत्तरी. घरची बैठक बसली आणि नाना म्हणाले, "यादीचं सुधाकरराव बघतील."

"मी बघतो," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच आला असावा, कारण सगळे दचकले.

"तुमच्याच्यानं होईल?" नानांनी विचारलं.

"नाना, माझा धंदाच आहे तो."

सुधाकरराव नुसते म्हणाले, "उत्तम. कुठल्या सॉफ्टवेअरात करणार?" त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला आव्हानाची वाटली.

मी त्याच संध्याकाळी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. निवडायला मला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही, हे मी नंतर दोघा-तिघांना मुद्दाम ऐकवलं. गावं केली, गावांच्या पोटात घरं, घरांच्या पोटात माणसं. प्रत्येक गावाला वेगळा रंग. मग सगळं सुबक दिसावं म्हणून एकाच घराचं एक गाव मिटवलं आणि कागद छापून मेहुण्याच्या, दिलीपच्या हातात दिला. फोन त्यानं करायचे होते. मिटलेलं छापतानाही मिटलेलंच राहतं, हे क्लासच्या मास्तराला माहीत असायला हवं होतं. दिलीपच्या कागदावर 'मंगळवेढा' असा नुसता केशरी शब्द होता. खाली कोणी नाही.

"मला वाटलं, गावाचं तुमी बघणार," दिलीप नंतर म्हणाला. "नुसतं गाव लिवलंय म्हणल्यावर मी काय वेशीला फोन लावू?"

मंगळवेढ्यात सासूबाईंचे बापू राहतात. धाकटे आणि एकुलते एक भाऊ. जेवणं उरकेपर्यंत सासूबाई फाटकाकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी बापूंचा फोन आला. "आक्का, नानांची पंचाहत्तरी लई जोरात झाली म्हनं की. आमी हितं हाय अजून, मेलो न्हाय."

त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी बोलेनात. बापूंची समजूत घालायला गेलंच पाहिजे होतं, आणि एकट्यानं जायची माझी छाती नव्हती. म्हणून रविवारी संध्याकाळी दात-ओठ खात मी सुधाकररावांकडे गेलो.

ते लॅपटॉपसमोर बसले होते. पडद्यावर मुक्ता. तिच्याकडे सकाळ होती, ओल्या केसांनी कॉफी पीत होती. शैलाताईंनी मला खुणेनं बस म्हटलं.

"बाबा, हे मात्र छान आहे ना? सगळी पोरं मागं येतात. हेच ठेवा आता."

"छान आहे गं," सुधाकरराव म्हणाले. "पण छापायला गेलं की मिटलेलं मिटलेलंच येतं. तुझ्या काकांचं काय झालं बघितलंस ना?"

ती खुदकन हसली आणि माझं डोकं फिरलं. या एका बाबतीत तरी भारतात माझ्याइतका अनुभवी माणूस नसेल. मी उठलो, मधे हात घातला, "अहो, त्यात काय आहे?" म्हणालो आणि दोन ठिकाणी टिचकी मारली. अख्खी हुरडा पार्टी छापायला उघडी होऊन पडली.

"वा, काका!" मुक्ता म्हणाली. "झालं की मग, बाबा. हेच फायनल. चला, मी ठेवते, लाँड्री लावायचीय. आईला सांगा, मंगळवारी करते फोन."

पडदा काळा झाला. मी टाळीची वाट बघत उभा होतो.

"आज लवकर झालं," सुधाकरराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ते बटण मला माहीत होतं."

शैलाताई चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर मंगळवेढ्याला आले. नको म्हणाले नाहीत, टोमणाही नाही. बापू ओसरीवर पाठ करून बसले होते. "या," ते भिंतीला म्हणाले. "कुटं वाट चुकला?"

"चूक झाली, बापू," सुधाकरराव म्हणाले. "त्याचं कारण जरा आतलं आहे. उघडू का?"

"उघडा की," बापू म्हणाले. नवखे होते.

सुधाकररावांनी जे उघडलं, ते उन्हं कलली तरी मिटेना. बापूंची पाठ हळूहळू वळली, मग मान हलायला लागली, मग त्यांनी शेंगा भाजायला सांगितल्या. शेवटी माझ्याकडे बघून कीव आल्यासारखे म्हणाले, "लई अवघड असतंय व्हय हे? मग ह्यांच्याकडं कशापायी दिलं?" तिथंही मी जळलो. माझी चूक माफ झाली, पण तीही त्यांच्या खात्यावर.

परतताना गाडीत मी विचारलंच, "सुधाकरराव, इतकी वर्षं मला का नाही हो विचारलंत?"

"तुम्ही पाच मिनिटांत सोडवलं असतं."

त्यांनी तोंड बाहेरच्या ज्वारीकडे वळवलं. मग म्हणाले, "आधी मुक्ता फोन करायची तर 'बाबा, बरे आहात ना, आईला द्या' एवढंच. तिचंही चूक नाही. मला तरी काय बोलता येत होतं? मग एकदा त्या वेलांटीचं विचारलं. अर्धा-पाऊण तास बोलली. मधे स्वतःचंही सांगायला लागली. साहेब त्रास देतो म्हणाली. शैलाला ते अजून माहीत नाही."

मी गिअर उगाचच बदलला. तिऱ्हे गावाच्या अलीकडे म्हणालो, "मुक्ताला कळवू का, त्यात अजून एक खोट सापडली म्हणून? आई हलवली तर शेवटचं पोर मागं राहतं."

"खरंच राहतं?" ते सावरून बसले.

"नाही. पण ती तपासेल की."

"तपासू दे. तपासायला वेळ लागतो." थोड्या वेळानं त्यांनीच सुधारणा केली. "शेवटचं नको. मधलं म्हणा. मधलं सापडायला अवघड."

घरी येऊन मी सगळं बायकोला सांगितलं. सुनंदा मेथी निवडत ऐकत होती. सांगता सांगता माझाच आवाज चढला. "नशीब बघ त्या माणसाचं! लेक सातासमुद्रापलीकडून तासभर बोलते. आणि आपला ओंकार? पुण्यात आहे. चार तासांवर. मला म्हणतो, 'बाबा, आईला द्या.' का? मी काय वाईट बोलतो? त्याला काही अडलं तर मी सांगणार नाही का?"

सुनंदानं मेथीची काडी मोडली.

"सांगाल की. तो तोंड उघडायच्या आधी सांगाल. सगळंच येतंय तुम्हाला, तुमच्याशी काय बोलायचं माणसानं?"