तळलेली स्प्रिगिना

शाळेचा प्रोजेक्ट मुलांनी करायचा असतो, असं फक्त शाळेला वाटतं. सिडनीतल्या स्कोफिल्ड्सच्या हृषिकेशचा असला काही गैरसमज नव्हता. मागच्या वर्षी शेजारच्या विक्रांतने मुलाच्या नावावर दिवे लागणारा ज्वालामुखी करून पहिलं बक्षीस मारलं, तेव्हापासून याच्या पोटात दुखत होतं. यंदा विषय होता 'ऑस्ट्रेलियातले प्राचीन प्राणी'. विक्रांतचं नाक कापायची याहून चांगली संधी कुठली!

"बाबा, आय कॅन डू इट," लेक अनुष्का म्हणाली.

"तू फक्त बघ आणि शीक."

त्याने स्प्रिगिना निवडली. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीची, समुद्रात राहणारी, बोटाएवढी चपटी बया, अंगभर वळ्याच वळ्या. फ्लिंडर्सच्या डोंगरात दगडांवर तिचे ठसे सापडतात. ना हाड, ना शिंग, म्हणजे करायला सोपी, असं आयटीतल्या माणसाला वाटलं. मैद्यात मीठ घालून त्याने वीतभर स्प्रिगिना थापली. ती थेट जिभेसारखी दिसायला लागली, आणि वळ्या काही केल्या पडेनात. शेवटी पुण्याहून आलेल्या आईला हाक गेली. शोभाताईंनी करंजीला घालतात तशी दोन्ही कडांना झरझर मुरड घातली.

"आई, चुकलं! हिच्या डाव्या-उजव्या वळ्या समोरासमोर नसतात. जरा सरकलेल्या असतात."

"मग तुझा प्राणी चुकलाय. माझी मुरड नाही चुकत."

हृषिकेशने मुरड मोडून स्वतःच्या हाताने वळ्या काढल्या. त्या बघून शोभाताई देवाचं नाव घेत आत गेल्या. एवढं करून पीठ वाळेना, आणि प्रोजेक्ट तर उद्याच द्यायचा! तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. कॉल संपवून तो किचनमध्ये येतो तो काय, कढईत स्प्रिगिना टम्म फुगून तरंगतेय.

"आई! अगं चपटी होती ती, चपटी!"

"कच्ची राहिली होती रे. म्हटलं, तळून काढावी. बघ, कशी गुटगुटीत झालीय."

दुसरं काही करायला वेळच नव्हता. सकाळी हृषिकेश ते तेलकट प्रकरण टिशूत गुंडाळून, तोंड लपवत शाळेत गेला. विक्रांतने थ्रीडी प्रिंटरवर छापलेला, पाय हलणारा ट्रायलोबाइट आणला होता. "काय रे, नाश्ता आणलास का?" त्याने विचारलं. हृषिकेशला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

टीचर शेरिल एकेक टेबल बघत आल्या. ट्रायलोबाइटपाशी क्षणभर थांबल्या, विक्रांतकडे बघून गोड हसल्या आणि पुढे सरकल्या. स्प्रिगिनापाशी मात्र त्यांचे डोळे भरून आले.

"अख्ख्या वर्गात हा एकच प्रोजेक्ट खरा आहे," त्या म्हणाल्या. "याला कुठल्याही मोठ्या माणसाचा हात लागलेला नाही, हे दिसतंच आहे. पहिलं बक्षीस अनुष्काला!"

विक्रांतचा चेहरा पडला. हृषिकेशच्या आयुष्यातला सोन्याचा क्षण! फक्त तो आपलाच आहे, हे सांगायची सोय नव्हती.

"बाबांनी थोडी तरी मदत केली असेल ना?" शेरिलनी कौतुकाने विचारलं.

अनुष्काने बापाकडे पाहिलं. बापाने डोळ्यांनीच हात जोडले.

"नो, मिस," ती म्हणाली. "ही वॉज जस्ट वॉचिंग अँड लर्निंग."