केळुसकरची सहा सीटांची पिकअप

केळुसकर कुणाला ‘कसा आहेस’ असं कधी विचारत नसे. ‘किती आहेस’ असं विचारी. लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या आरतीला, कुठेही. आणि समोरच्यानं किलोत उत्तर द्यायचं. माझे सासरे भारतातून आले तेव्हा हा त्यांच्या पाया पडला आणि वाकल्या वाकल्याच त्यांचं वजन विचारलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, त्यामुळे आमच्याकडे अशी पद्धतच असावी असं सासऱ्यांना वाटलं. त्यांनी मुकाट्यानं सांगून टाकलं.

कुवेतमध्ये सालमियाला आमच्या वरच्या मजल्यावर तो एकटा राहायचा. बायको आणि मुली सावंतवाडीला. नोकरी राई नावाच्या औद्योगिक भागातल्या एका शोरूममध्ये. हिवाळा आला की कुवेती कुटुंबं वाळवंटात मुक्कामाला जातात. त्यांना कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं जोडून न्यायची चाकांवरची खोली, विकायची आणि त्यांच्या पिकअपला मागं हुक बसवून द्यायचा, हे त्याचं काम. हंगामात गिऱ्हाइकांची रांग लागे आणि केळुसकर त्यातल्या निम्म्यांना परत पाठवी. मालकानं त्याला काढून कसं टाकलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

गिऱ्हाईक येऊन विचारी, माझी पिकअप किती ओढेल? केळुसकरला हा प्रश्नच अडाणीपणाचा वाटे. “ओढणं वेगळं, पेलणं वेगळं,” असं तो म्हणे. हिंदीत म्हणे, मोडक्या अरबीत म्हणे, आणि फारच चिडला तर मालवणीत. त्याचं म्हणणं असं, की गाडी मागून दोन-तीन टनसुद्धा ओढेल हो, पण कॅरॅव्हॅनची दांडी हुकावर टेकते तिथे तिचा थोडा भार गाडीच्या पाठीवर येतो. त्याच पाठीवर माणसं बसणार, त्याच पाठीवर सामान. पाठ किती पेलेल ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एका स्टिकरवर छापलेलं असतं, आणि ते स्टिकर साऱ्या कुवेतमध्ये केळुसकर सोडून कुणी वाचत नाही.

तो मात्र कुणाचंही वाचायचा. पार्किंगमध्ये परक्या गाडीचं दार उघडं दिसलं की हा वाकलाच. एकदा त्यापायी पोलिसानं हटकलं, तर यानं पोलिसाच्या जीपचंही स्टिकर वाचलं आणि मागं बसलेल्या दोघा जाड शिपायांकडे चिंतेनं पाहिलं.

पुढे त्यानं स्वतःच एक जुनी अमेरिकन पिकअप घेतली. डबल केबिन, पुढे तीन सीट, मागे तीन. रोज एकटा माणूस सालमियाहून राईला जाणार आणि परत येणार. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक पहिल्या मालकानंही काढलं नव्हतं, यानंही नाही. माझी बायको शोभा म्हणाली, एवढी गाडी कशाला घेतलीय यानं, बसवणार कुणाला?

ते एका डिसेंबरात कळलं. शोरूममधली न विकली गेलेली एक कॅरॅव्हॅन मालकाकडून मागून घेऊन तो आम्हाला वाळवंटात मुक्कामाला नेणार होता. आम्ही म्हणजे मी, शोभा, आमची मानसी आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर फडके नवराबायको. कॅरॅव्हॅनला त्यानं स्वतःच्या हातानं पडदे शिवले. मग तो घरोघरी वजनं विचारत फिरला. डॉक्टर म्हणाले, सत्तरच्या आसपास. फडकेवहिनींनी पंचावन्न सांगितलं आणि विषय बदलला. शोभानं लग्नातलं वजन सांगितलं. मानसी म्हणाली, “अंकल, दॅट्स प्रायव्हेट,” तर यानं तिच्या दप्तरासकट अंदाज बांधला. या भांडवलावर त्यानं हिशेब जुळवला आणि जाहीर केलं, की बसतंय.

निघायच्या सकाळी तो आम्हाला थेट वाळवंटात न नेता अम्गराला घेऊन गेला. तिथल्या भंगारवाल्याकडे ट्रक मोजायचा काटा होता. पिकअप काट्यावर, कॅरॅव्हॅन जोडलेली पण तिची चाकं खाली जमिनीवर, आणि आम्ही सहाजण आत, लग्नाला निघाल्यासारखे नटून. काट्यावरच्या पठाणानं आकडा सांगितला. केळुसकरनं तो पुन्हा विचारला. पठाणानं पुन्हा तोच सांगितला.

“कोणीतरी खोटं बोललाय,” केळुसकर आरशात बघून म्हणाला. आम्ही सगळे खिडकीबाहेर भंगार बघू लागलो.

मग सामान उतरायला लागलं. कोळशाची गोणी उतरली. बर्फाची पेटी उतरली. डॉक्टरांची आरामखुर्ची उतरली. तिच्यावर पठाण बसला आणि तमाशा पाहू लागला. फडकेवहिनींच्या पिशवीतून पुरणयंत्र निघालं तेव्हा केळुसकर कितीतरी वेळ नुसता त्याच्याकडे बघत राहिला. वाळवंटात पुरणपोळी करायचा त्यांचा बेत होता. यंत्र खाली, डाळ खाली, गूळ खाली. तरी आकडा जास्तच.

शेवटी मी म्हणालो, यात काय एवढं, घरी माझी कार उभी आहे. टॅक्सीनं जाऊन घेऊन येतो, आम्ही तिघं तीत बसून मागून येऊ. डॉक्टर म्हणाले, हे आधी का सुचलं नाही?

केळुसकर ड्रायव्हरच्या दाराकडे गेला. दार उघडून त्यानं स्टिकरवरची धूळ बाहीनं पुसली. मग तिथेच पाठमोरा उभा राहून म्हणाला, “तसे तर आपण दर सहलीला जातोच. तुम्ही आपापल्या गाड्यांत गप्पा मारत, आणि मागून मी एकटा.” बाही झटकत म्हणाला, “मला एकदा भरलेली गाडी चालवायची होती रे.”

पठाण मराठी न कळताही खुर्चीतून उठून उभा राहिला.

आधी बोलल्या त्या फडकेवहिनी. “मग ती कॅरॅव्हॅनच राहू दे इथं,” त्या म्हणाल्या. “आम्ही काही तिच्यासाठी आलेलो नाही. संध्याकाळी परत येऊ. आणि भाऊजी, माझं वजन अडुसष्ट आहे.”

त्यावर डॉक्टरांनीही स्वतःचं खरं वजन कबूल केलं. शोभानं मात्र नाही केलं.

केळुसकरनं दांडी हुकावरून सोडवली. महिनाभर खपून सजवलेली ती खोली भंगाराच्या ढिगाऱ्याशेजारी, पडद्यांसकट पठाणाच्या हवाली केली, आणि एकदाही वळून पाहिलं नाही. कोळसा, बर्फ, डाळ, गूळ, पुरणयंत्र, सगळं पुन्हा गाडीत चढलं. वाळवंटात खरोखरच पुरणपोळ्या झाल्या. वाळूसकट झाल्या, पण झाल्या. केळुसकरनं किती खाल्ल्या ते कुणी मोजलं नाही, त्यानं स्वतःही नाही.

परतताना पठाणाला पोळ्या देऊन, कॅरॅव्हॅन दुसऱ्या दिवशी न्यायच्या बोलीवर त्याच्याकडेच ठेवून आम्ही सालमियाकडे निघालो. सूर्य मावळत होता. मागं फडकेवहिनी आणि शोभा एकमेकींच्या खांद्यावर टेकून झोपल्या होत्या, डॉक्टर घोरत होते, मानसी पुढे आमच्या दोघांच्या मध्ये पेंगत होती. केळुसकर इतक्या हळू चालवत होता, की लॉऱ्या हॉर्न देत पुढे जात होत्या.

इमारत आली. तो थांबला नाही. पार्किंग दिसत नाही, असं पुटपुटत त्यानं गाडी पुढे काढली आणि सबंध ब्लॉकला वळसा घातला. दारासमोर तीन जागा रिकाम्या होत्या. आम्ही पुन्हा तिथे आलो, तेव्हाही त्या रिकाम्याच होत्या.

“आता पण नाहीच रे,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हणालो. “घे अजून एक फेरी.”