कासवाच्या पाठीवरच्या खिडक्या

"काका, गाव सुरेख झालंय. पण या गावात कुणी राहत नाही हो," दिग्दर्शक म्हणाला आणि त्याने चित्र परत केलं.

आता काकांना हे कुणी सांगावं म्हणजे कमालच झाली! कार्टूनच्या सिनेमांसाठी देखावे रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. कॉम्प्युटर नाही की काही नाही. जाड कागद, पोस्टर कलर आणि ब्रश. या सिनेमात आभाळातून चालणाऱ्या एका अजस्र कासवाच्या पाठीवर अख्खं गाव वसलं होतं. देखावे बारा हवे होते आणि पहिलाच तिसऱ्यांदा परत आला होता.

"गुरुवारपर्यंत बघा," दिग्दर्शक अवघडून म्हणाला. तो वयाने काकांच्या निम्मा, दोन महिन्यांपूर्वीच इथे आलेला. "नाहीतर वरचे लोक म्हणतायत, सगळंच कॉम्प्युटरवर करून टाकू."

गावात कुणी का राहत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. डोंगर, आभाळ, छपरं काका रंगवायचे. खिडक्या त्यांची बायको रंगवायची. घरी बसून, केसाएवढ्या ब्रशने. पडद्यावर नाव मात्र एकट्या काकांचं. स्टुडिओत हे कुणाला माहीत नव्हतं आणि आठ महिन्यांपूर्वी ती गेली, हेही नव्हतं. कुणी विचारलंच नाही, तर हा भिडस्त माणूस आपणहून काय सांगणार?

घरी येऊन त्यांनी खिडक्या स्वतःच रंगवून पाहिल्या. थोरली बहीण हल्ली त्यांच्याकडेच राहत होती. तिने चष्मा पुसून चित्र न्याहाळलं.

"हे गाव आहे की तुरुंग?"

"ताई, तू भाजी निवड बघू."

"निवडते. पण तुरुंग तो तुरुंगच."

काका चिडले, कारण ताईचं बरोबर होतं. मग त्यांनी कपाटातून बायकोचा सरावाचा कागद काढला. त्यावर नखाएवढ्या एक्केचाळीस खिडक्या होत्या. एकीत कुणी जांभई देतंय, एकीत मांजर बसलंय, एकीत एक बाई अर्धी बाहेर वाकून उशी झटकतेय. काकांनी ब्लेड उचललं.

"कापू नकोस रे," ताई हळूच म्हणाली. "तिच्या हातचा तेवढाच तर उरलाय."

"म्हणूनच. कपाटात कोण बघतंय?"

एकेक खिडकी त्यांनी कडेकडेने कापून काढली. ताईने चिकटवायला वाटीभर खळ करून आणली. आता पोस्टर कलरला पाणी लागलं की तो सुटतो, हे पहिल्या दिवशीचं पोरही सांगेल. पण काकांचं लक्ष होतं कुठे? त्यांनी सढळ हाताने खळ फासली. घटकाभरात छपरं ओघळली आणि कागद पुरीसारखा टम्म फुगला.

"इस्त्री फिरवू," ताई म्हणाली. "चादर काय अन् कागद काय! वर ओला फडका टाकायचा, झालं."

"ताई, अगं ओला नको..."

पण ताईने आयुष्यात कुणाचं ऐकलं होतं? चर्रर्र आवाज झाला. फडका उचलला तर निम्म्या खिडक्या फडक्यालाच चिकटून आल्या आणि जांभळं आभाळ घसरून कासवाच्या मानेपर्यंत आलं. मग ताईने भुवयांचा चिमटा आणला. फडक्यावरची एकेक खिडकी सोडवून दोघांनी सापडेल त्या जागी बसवली. मांजर कासवाच्या गुडघ्यावर गेलं. उशीवाली बाई उलटी चिकटली आणि जाम निघेना.

"बघ, पडेल हं ती," ताई म्हणाली आणि फिस्सकन हसली. काकांनाही हसू फुटलं. दोघं पोट धरून हसली. ताईचं हसणं थांबलं, काकांचं थांबेना, आणि मग ताईच्या लक्षात आलं की तो आता हसत नाहीये. आठ महिन्यांचं साचलेलं होतं ते. तिने त्याला रडू दिलं.

गुरुवारी दिग्दर्शक चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. काकांनी मनातल्या मनात ब्रश धुऊन ठेवले.

"काका, ही बाई उलटी आहे!"

"हो. म्हणजे, चुकून..."

"अहो, कासव चालताना गाव हलणारच की! आणि हे ओघळलेलं आभाळ! इथे राहतात हो माणसं. कसं जमवलंत?"

काकांना एकदम राहवेना. "खिडक्या माझ्या नाहीत. माझ्या बायकोच्या आहेत. आजवरच्या सगळ्या."

"काय सांगता!" दिग्दर्शकाने टाळीच वाजवली. "मग त्यांचं नाव आधी, तुमचं नंतर. आणि काकूंना म्हणावं, झकास! उरलेल्या अकरा देखाव्यांतल्या खिडक्याही त्यांच्याच हातच्या पाहिजेत. घाई नाही, त्यांना महिनाभर घेऊ दे. सांगाल ना?"

काकांनी तोंड उघडलं. पोराचा चेहरा इतका खुलला होता.

"सांगतो," ते म्हणाले.

घरी ताई दारातच उभी होती. "काय म्हणाला?"

"तिचं काम फार आवडलं. आणखी अकरा देखाव्यांसाठी खिडक्या हव्यात."

ताईने पदर तोंडाला लावला. "मग तू काय म्हणालास?"

"सांगतो म्हटलं."

चपला काढून काका आतल्या खोलीत गेले. तिथे कुणी नव्हतं.

"अगं, ऐकलंस का," ते म्हणाले, "झकास झालंय म्हणे." आणि मग जरा थांबून, "मलाही तसंच वाटायचं."