बारावा किणीकर

दत्ता किणीकरइतका तयारीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी सातलाच हा पठ्ठ्या जर्सी, मोजे, बूट चढवून, डोक्याला तेल चोपडून खोलीत फेऱ्या मारायचा. आणि संघात होता बारावा! त्या काळी सामना सुरू झाला की बदली खेळाडू चालत नसे. म्हणजे अकराजण हजर असले की किणीकरची सगळी तयारी फुकट.

"तयारी पाहिजे, गड्या," तो म्हणायचा. "गेनाऊ!" मी म्हणायचो. हे जर्मन 'बरोबर' आमच्या मराठीत कधी घुसलं, कळलंच नाही.

अठ्ठावन्नच्या सुमारास हॅनोव्हरला आम्ही दोघं डॉक्टरेट करत होतो, एकाच खोलीत राहत होतो. विद्यापीठातल्या इन्स्टिट्यूटांनी त्या वर्षी पहिल्यांदाच आपापसांत फुटबॉलची लीग काढली. आमच्या संघात नऊ जर्मन, पुढे मी आणि गोलात एक इराणी. किणीकर रेषेबाहेर. पण काय त्याचा उत्साह! मध्यंतराला थर्मासमधलं गरम लिंबूपाणी पाजायचा, सगळ्यांच्या बुटांचा चिखल स्वतः खरवडायचा. असा माणूस संघाला लाभायला नशीब लागतं.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मिरजेहून त्याच्या वडिलांचं पोस्टकार्ड आलं. ते शाळेत ड्रिलमास्तर. उघडंच कार्ड, नजर गेलीच. "चि. दत्तास आशीर्वाद. तुझे दोन गोल शाळेच्या फळ्यावर लिहिले. पोरांनी टाळ्या वाजवल्या."

अहो, ते दोन गोल माझे! असा भडकलो म्हणता! जाब विचारायला खोलीत शिरलो, तर हा खाली बसून माझेच बूट घासत होता.

"उद्या जाड मोजे घाल रे," मान वर न करता म्हणाला, "थंडी आहे."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी कप्तानाला सांगितलं, "माझा गुडघा धरलाय." किणीकर पांढराफटक पडला. मग नव्वद मिनिटं वेड्यासारखा पळला. चेंडू त्याला तीनदा लागला, त्यात दोनदा पाठीला. आम्ही तीन-शून्य हरलो.

संध्याकाळी तो पत्र लिहायला बसला. तासभर झाला तरी पेन पुढे सरकेना.

"लिही की! आज तर खेळलास."

"खोटं कसं भराभर सुचायचं रे," तो म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

समोरच्या कागदावर एकच ओळ होती, "बाबा, मी आज पहिल्यांदाच खेळलो."