रेडिओवरचं गाणं आणि माझा पक्का बंदोबस्त

मंडळी, कॉम्प्युटरवर रेडिओ रेकॉर्ड करणं म्हणजे माझ्या हातचा मळ! लाल बटण दाबायचं, बस्स!

आमची ही इंटरनेट रेडिओवर पहिल्यांदाच गाणार होती. थेट प्रक्षेपण, पुन्हा लागणार नाही. हिला गाणं शिकवलं ते थोरल्या बहिणीनं, ताईंनी. त्या परगावी, अंथरुणाला खिळलेल्या, घरात कॉम्प्युटर नाही. त्यांना रेकॉर्डिंग फोनवरून ऐकवायचं ठरलं. "ताईसाठीच गातेय. घोळ घालू नका!" असं बजावून ही स्टुडिओत गेली.

घोळ? आणि मी? खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, गळक्या नळाला फडकं बांधलं. घड्याळाकडे नुसते डोळे वटारले, तर ते टिकटिक गिळून बसलं! वर हिचा आवाज इकडेतिकडे सांडायला नको म्हणून हेडफोन लावले. माइक पुढ्यात ओढला. दाबलं बटण!

"बाबा, अहो, माइकला..." दारातून सून म्हणाली.

"शूऽऽ!"

"पण हेडफोन..."

"शूऽऽऽ!"

बिचारी हातवारे करत राहिली. मला वाटलं, ताल धरतेय!

ही काय गायली म्हणून सांगू! राहवेना, मीही हळूच सूर लावला. हळूच म्हणजे, शेजारचं कुत्रं पलंगाखाली शिरलं एवढंच.

ही परतल्यावर ताईंना फोन लावला, रेकॉर्डिंग ऐकवायला लावलं. "शूऽऽ! वा! वा!" आणि मग सलग माझंच गाणं. हिचा सूर औषधालाही नाही!

"तेच सांगत होते!" सून कुजबुजली. "गाणं तुमच्या कानात, माइकला काय कळणार? कॉम्प्युटरचाच आवाज रेकॉर्ड करायचा असतो, सेटिंगमध्ये सोय आहे!"

मी बंद करायला झेपावलो. "थांबा, ऐकू द्या!" फोनमधून ताई कडाडल्या. शेवटपर्यंत ऐकलं. मग रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अगं, काय झालं तुझ्या गळ्याला? पार बाप्याचा आवाज! रेडिओवाल्यांनी हाकललं कसं नाही? आणि एवढं सोसून तुझा नवरा 'वा, वा' करतोय! देवमाणूस आहे गं, जप त्याला!"

हिनं फोन हिसकावला आणि उभ्या उभ्या अख्खं गाणं म्हटलं. पलीकडे ताई मुसमुसायला लागल्या.

"आता कसं! शिकवलं तस्सं! मग मघाशी कोण रेकत होतं?"

माझ्याकडे रोखून बघत ही म्हणाली, "तुझा देवमाणूस!"