त्र्यंबकरावांनी सहा बदाम न बोलल्याची बखर

चारी दिशांस नमस्कार, आणि त्या चहूंमध्ये पसरलेल्या हिरव्या भूमीस नमस्कार, जिच्यावर बावन्न सरदार नित्य पडतात आणि पिसले की पुन्हा उठतात. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, पौष मासी त्या राज्यात जे वर्तले ते जैसे ऐकिले तैसे येथे लिहिले आहे.

त्या राज्यास बाहेरचे लोक ब्रिजचा क्लब म्हणत. उत्तर व दक्षिण एका पक्षाचे, पूर्व व पश्चिम दुसऱ्या पक्षाचे, आणि लढाईआधी बोली होत असे, ती ऐसी की अमुक हुकूम धरून आम्ही इतके हात जिंकू; बोलीच्या आकड्यात सहा मिळवावे म्हणजे हातांचे वचन, चार बदाम म्हणजे दहा, सहा बदाम म्हणजे बारा. मग वचन कमी पडले तर दंड, आणि भिऊन थोडे मागितले तर मोठे बक्षीस हातचे जाई, म्हणोन त्या राज्यात खेळण्याहून बोलण्याची किंमत अधिक. दक्षिणेस श्रीमंत त्र्यंबकराव बसत आणि उत्तरेस त्यांची पत्नी उमाबाईसाहेब. रावांच्या बोलीची कीर्ती मोठी. एक्के-राजे भरभरून आले असता इतर लोक बारा हातांचे वचन देऊन बसत, आणि राव नवावर थांबत, आणि पत्ते उघडल्यावर नऊच निघत. आणि कधी भिकार पत्ते घेऊन पायरीपायरीने चढत जात आणि बोलले ते पुरे करीत. हे कसे कळले ऐसे कोणी विचारले तर सांगत की, शत्रू काय बोलला ते सगळेच ऐकतात, काय बोलू शकला असता आणि बोलला नाही, तेही ऐकावे. पूर्वेचे रंगराव चौगुले त्यांचे जुने शत्रू आणि त्याहून जुने स्नेही. ते चिडवीत की त्र्यंबकराव राज्य मागतच नाहीत, चौथाई घेऊन घरी जातात. त्यावर राव म्हणत की आपण राज्य मागता आणि दंड भरता, आमची चौथाई त्यातूनच येते.

परंतु थंडीतील मोठ्या स्पर्धेचा रुप्याचा करंडक रावांकडे कधी आला नव्हता. तो त्यांस हवा होता आणि हे ते लपवीत नसत. दरसाल रंगरावांच्या घरी जेवावयास गेले की कपाट उघडवून तो हाती घेऊन पाहात, आणि रंगराव म्हणत, बोटांचे ठसे उमटवू नका. त्या वर्षी वैद्यांनी सांगितले की पुढली थंडी धरून चालू नये. हे वर्तमान राव व बाई या दोघांतच ठेवावे ऐसे ठरले, आणि अवघ्या दरबारास ठाऊक जाहले, कारण रावांचा कोट खांद्यांवरून उतरू लागला होता.

अंतिम सामना रंगरावांच्या चमूशी पडला. चमू चौघांचा, दोघे या मेजावर, दोघे शेजारच्या दालनी, आणि येथे जे पत्ते एका पक्षास तेच तेथे दुसऱ्या पक्षास, म्हणजे नशीब बाजूस काढून केवळ शहाणपण तोलावे. शेवटचा डाव आला तेव्हा उभय पक्ष बरोबरीचे ऐसा सर्वांचा अदमास होता. रावांनी एक बदाम बोलून आरंभ केला, आणि बाईंनी तीन बदाम बोलून पाठबळ दिले, आणि मग रावांनी चार चौकट केले, ज्याचा अर्थ त्या उभयतांत ऐसा की, चौकटचा एक्का मजकडे आहे, बारा हातांचा विचार आहे, तुम्हांकडे काही अधिक असल्यास पुढे चला, नसल्यास चार बदामांवर थांबवा. त्या राज्यात बोली तोंडाने न करिता डबीतील छापील पत्ती मेजावर ठेवण्याचा रिवाज, कारण स्वरातून भेद फुटतो. बाईसाहेबांचा हात डबीपर्यंत गेला आणि तेथेच राहिला. रंगरावांनी छताकडे पाहिले. पश्चिमेचा गडी उगाच खोकला. मग पुष्कळ वेळाने बाईंनी चार बदामांची पत्ती ठेविली.

येथे कायदा सांगणे प्राप्त आहे. शत्रूच्या विलंबातून काय समजेल ते आपल्या जोखमीवर समजून घ्यावे. परंतु आपल्या जोडीदाराच्या विलंबातून काही समजले तरी ते समजले नाही ऐसेच वागावे. चार बदाम झटकन आले असते तर अर्थ इतकाच की अधिक काही नाही. रेंगाळत आले म्हणजे काही आहे आणि धीर होत नाही, हे मेजावर प्रत्येकास दिसले. रावांचे पत्ते काठावरचे. निम्मे शहाणे पुढे जातील, निम्मे थांबतील. राव आपल्या पत्त्यांकडे पाहात राहिले, बाईंकडे एकदाही पाहिले नाही, आणि पासची पत्ती ठेवते जाहले.

मग लढाई होऊन किल्वरचा राजा रंगरावांच्याच हाती, म्हणजे मारावयास सोयीच्या जागी सापडला, आणि वचन दहा हातांचे असता रावांनी बारा केले. शेजारच्या दालनी रंगरावांच्या गड्यांनी सहा बदाम बोलून तेच बारा केले होते, आणि तेवढ्यावर करंडक तिकडे गेला. रंगराव तो काखेत धरून आले, आणि कोठे ठेवावा हे त्यांस समजेना, आणि हळूच म्हणाले, "राव, तुम्ही सहा बोलला असतात तर आमच्यापैकी कोणी हरकत घेतली नसती."

"ते दिसत होते, रंगराव. म्हणून तर मलाच घ्यावी लागली."

यावर रंगरावांनी करंडक या काखेतून त्या काखेत घेतला.

घरी परतताना रिक्षात रावांनी विचारले की, बाई, तुमचे पत्ते मेजावर उघडे पडले तेव्हा मी पाहिले, अधिक काही नव्हतेच. चार बदाम सरळ होते, मग विचार कसला करीत होतात?

बाईसाहेब म्हणाल्या, "पत्त्यांचा नव्हता. तुमची बोटं दिसली, पत्ते धरलेली. मग माझ्यानं पत्ती उचलवेना."

राव थोडे हसले, आणि म्हणाले, "म्हणजे तेवढा वेळ तुम्ही मला दिलात. मग तो विकून करंडक कसा घेतला असता?"

पुढील शकी भाद्रपद मासी श्रीमंत त्र्यंबकराव निवर्तले.

सारांश, दहाचे वचन दिले, बारा केले, आणि वरच्या दोहोंवर हक्क सांगितला नाही. ऐसा बोलणारा त्या राज्यात दुसरा जाहला नाही. उमाबाईसाहेब उत्तरेस बसतात. समोर दक्षिणेस कोणास बसवावे हे अद्याप ठरले नाही. कोणी विचारले तर म्हणतात, विचार करते आहे. आणि दरबारी त्यांस कोणी घाई करीत नाही.