छत्रीची होडी

देशाचं भलं व्हायचं असेल तर दरवर्षी निवडणूक घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. हसू नका! पंच्याऐंशी सालची विधानसभेची निवडणूक लागली, तेव्हा साखर महागली म्हणून सगळी रत्नागिरी कुरकुरत होती आणि मी एकटा खूश होतो. कचेरीतून आलो की ओटीवरच्या आरामखुर्चीत पडायचं, डोळे मिटायचे, की झालं! समोरचा कातळ कापत रेल्वे यायची. बंदरात परदेशी बोटी लागायच्या. सत्ता बदलायची, भाव उतरायचे आणि आमच्या हेमाचं लग्न थाटात लागायचं!

हेमा माझी धाकटी बहीण. आई-वडील गेल्यापासून तिची जबाबदारी माझ्यावर. तिचं लग्न रखडलं याची मला रोज टोचणी होती. अशात आमचा ओळखीचा एस.टी. कंडक्टर भागोजी एक स्थळ घेऊन आला. मुलगा पोफळीच्या वीजघरात, राहायला कॉलनीत क्वार्टर!

"लीला, जिथं वीज तयार होते, तिथले दिवे जाणार कसे?" मी बायकोला म्हणालो. "हेमा जन्मभर उजेडात राहील!"

"आधी पाहुण्यांना आपली भिंत दाखवा," लीला म्हणाली. "मग उजेडाचं बोला!"

आमच्या रस्त्याकडच्या भिंतीला वडिलांच्या हातचा चुना लागला होता, त्यानंतर फक्त शेवाळ. पण निवडणूक कशासाठी असते? दुसऱ्याच दिवशी छत्रीवाले आले. "भाऊ, भिंतीवर आमची निशाणी काढू का?"

"काढा की! पण नुसती छत्री नको, आधी सगळी भिंत पांढरी करा!"

त्यांचा पेंटर काशीराम कामाला लागला. मुंबईत बोर्ड रंगवायला शिकून आलेला, मोठा गुणी माणूस. एका छत्रीला त्यानं दोन दिवस घेतले. हेमा सारखी चहा घेऊन बाहेर, आणि हा सारखा नवीन काडी काढतोय!

"अरे, छत्रीला एवढ्या काड्या?" मी विचारलं.

"मजबूत सरकार येणार, भाऊ!" तो म्हणाला. मला ते फार पटलं.

भिंत अशी झळकली की मी भागोजीला सांगून टाकलं, "पाहुण्यांना म्हणावं, रविवारी दुपारी या. वरच्या आळीत शिरल्यावर पहिली छत्री दिसेल, तेच आमचं घर!" दुसरी छत्री आळीच्या टोकाला यमुनाबाईंच्या भिंतीवर होती. त्यांच्या फणसाची फांदी आमच्या अंगणात आल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. त्यांच्याकडे कोण कशाला जाईल?

शनिवारी गावात एकच गडबड! छत्रीच्या उमेदवारानं होडीला पाठिंबा दिला! सत्ता कशी फिरते पाहा! रविवारी सकाळी काशीराम डबा घेऊन दारात.

"भाऊ, छत्रीची होडी करायची आहे."

"म्हणजे पुन्हा चुना? फुकट?"

"फुकट! वर दरवाजाला निळा ऑइलपेंट!"

मी भारावून गेलो. पाहुणे यायच्या दिवशीच दुसरा हात! हेमा म्हणाली, "दादा, तू पड जरा. वहिनी पोहे करतेय, भिंतीकडे मी बघते." गुणाची पोर! मी खुर्चीत पडलो आणि रेल्वेत बसलो. गाडी पोफळीकडे निघाली होती, खिडकीत हेमा होती, डोंगरभर दिवे लागले होते. असं सुंदर स्वप्न पडल्यावर माणसाला पत्ता-बित्ता आठवतो का?

एकाएकी कर्कश ब्रेक लागला. बघतो तर जीप! पुढे छत्रीचा झेंडा! पाठिंब्यामुळे चिडलेले काही छत्रीवाले, भिंती पुसणाऱ्यांना जाब विचारत फिरताहेत, हे माझ्या कानावर आलं होतं. जीपमधून टोपीवाले एक गृहस्थ, एक बाई आणि एक तरुण उतरले. गृहस्थ भिंतीकडे रोखून बघत म्हणाले, "इथं पहिली छत्री होती ना?"

मी खुर्चीतून ताडकन उठलो. "छत्री? छे! आमची पहिल्यापासून होडीच!"

"मग छत्रीचं घर कोणतं?"

"ते काय, टोकाचं! यमुनाबाईंचं! अगदी कट्टर छत्री! जा, जा, तिथंच जा!"

"आभारी आहे," ते म्हणाले आणि गेले. केवढं संकट टळलं! मी पुन्हा डोळे मिटले.

दुपार गेली. स्टँडवर एस.टी.मागून एस.टी. येऊन गेली. पोह्यांचा दगड झाला. संध्याकाळी भागोजी आला, तो घाम पुसतच.

"भाऊ, काय केलंत हे! सभेच्या गर्दीनं एस.टी.त पाय ठेवायला जागा नाय, म्हणून पाहुणे प्रचाराच्या जीपमधनं आले. तुम्हीच त्यांना यमुनाबाईकडे धाडलंत!"

"मी?"

"बाई समजली, प्रचारवालेच आले. आपल्या भाचीच्या, मैनाच्या हातनं कोकम सरबत दिलंन. घोटाळा उलगडला तोवर मुलगा सरबत पिऊन मोकळा! म्हणतो, मैनाच पसंत!"

रेल्वे गेली, बोटी गेल्या, पोफळीचे सगळे दिवे एकदम गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "हेमा, मी तुझ्या जन्माचं वाटोळं केलं गं!"

हेमा शांतपणे पोह्यांची ताटली माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "दादा, होडीचं काम मंगळवारी होतं. काशीरामांना आज सकाळीच या, असं मी सांगितलं."

"का?"

"मला पोफळीला जायचं नव्हतं. तुला दोनदा सांगितलं, तू दोन्ही वेळा रेल्वेत होतास."

"आणि त्या काड्या?"

हेमा लाजली. लीला पदरात तोंड लपवून हसत होती. म्हणजे हिलाही ठाऊक होतं! राज्यातलं माहीत नाही, आमच्या घरात मात्र सत्तांतर झालं होतं आणि मी विरोधी पक्षातसुद्धा नव्हतो.

निवडणुकीत छत्री बुडाली, होडीही बुडाली. निवडून आली सायकल, जिची आळीत एकही भिंत नव्हती! साखर आणखी महागली. पण माझं भाकीत अगदीच खोटं ठरलं नाही. त्या निवडणुकीनं एका माणसाला चांगले दिवस आले. तिन्ही पक्षांचे बोर्ड रंगवून काशीरामनं बाजारात स्वतःचं दुकान थाटलं, आणि त्या मोसमात हेमाचं लग्न झालं. मांडवात यमुनाबाई पहिल्या रांगेत होत्या. माझी बहीण इतकी हसताना मी कधी पाहिली नव्हती. मन भरून आलं.

लग्नाआधी मी काशीरामला एकांतात घेऊन म्हटलं होतं, "जावईबापू, मांडवासमोर ती होडी बरी दिसत नाही. भिंतीला एक हात मारून टाका की!"

"दादा, निवडणूक संपली," तो नम्रपणे म्हणाला. "आता चुना तुम्हालाच आणावा लागेल."

"आणतो. पण रंगवाल ना?"

तेवढ्यात लीला मागून आली. "अहो, नवऱ्या मुलाला कुणी कामाला लावतं का?"

भिंत मीच रंगवली. चुना विकतचा!